नऊ सेकंदांची फुगडी

गेल्या आषाढांत कांहीं कामानिमित्त मावळांत जाणें झालें व परततांना इंदुरीस आमच्या एका जुन्या स्नेह्यांकडे दोन दिवस मुक्काम पडला. इंद्रायणीच्या कांठचें हें गांव. सरसेनापति दाभाडे यांचा भुईकोट व त्यांतील कडजाईचें देऊळ यांमुळें इतिहासाची आवड असणाऱ्या वाचकांस तें ठाऊक असेलच. येथलें पाणी पुढें देहूस जातें एवढें सांगितलें म्हणजे इतरांसहि ओळख पटेल. पाऊस इतका, कीं ओसरीच्या पागोळ्या दोन दिवसांत एकदांहि तुटल्या नाहींत. स्नेह्यांच्या थोरल्या चिरंजीवांचें लग्न वैशाखांत झालेलें. तेव्हां येत्या श्रावणांत घरीं नव्या सुनेची पहिली मंगळागौर, आणि तिच्या तयारींत सारें घर गुंतलेलें. आम्ही चहाचा पेला हातांत घेतों न घेतों तोंच धाकटे चिरंजीव, पुण्यास अभियांत्रिकी शिकतात ते, आपला संगणक घेऊन पुढें बसले आणि म्हणाले, "काका, तुम्ही यंत्रांविषयीं लिहितां ना? मग आमची फुगडी दुरुस्त करून द्या."

ती फुगडी अशी. २००३ सालच्या श्रावणांत याच घरांत धाकट्या वहिनींची, म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या धाकट्या बंधूंच्या पत्नीची, पहिली मंगळागौर झाली. रात्रीच्या जागरणांत माई, स्नेह्यांच्या मातोश्री, वय वर्षें एकाहत्तर, पदर खोंचून उठल्या आणि नव्या सुनेबरोबर फुगडी खेळल्या. घरच्या जांवयांनीं सिंगापुराहून आणलेला एक हातांत मावणारा कॅमकॉर्डर त्या वेळीं चालूं होता. त्यानें त्या फुगडीचे नऊ सेकंद टिपले. नऊच, कारण पुढें मध्यें कोणाची तरी पाठ येते आणि मग नुसता हंशा ऐकूं येतो. माई २०१९ सालीं गेल्या. त्यांचीं छायाचित्रें घरांत पुष्कळ आहेत, पण तीं सगळीं खुर्चीवर बसून काढलेलीं, गंभीर चेहऱ्याचीं. हंसत्या-फिरत्या माई एवढ्या नऊ सेकंदांतच उरल्या आहेत.

त्या नऊ सेकंदांना घरांत एक कथाहि चिकटलेली आहे. फुगडीच्या शेवटीं माईंचा तोल गेला व नव्या सुनेनें त्यांस सांवरलें, असें सगळे सांगतात. माई स्वतःहि तसेंच सांगत आणि वर म्हणत, "पहिल्याच वर्षीं सुनेनें सासूला हातावर तोलली!" धाकट्या वहिनी यावर कांहीं बोलत नसत.

मंगळागौरीच्या रात्रीं ही फुगडी भिंतीवर मोठी करून दाखवावी, आणि नव्या सुनेस आपल्या आजेसासूबाई नीट पाहतां याव्यात म्हणून ती संथ करून दाखवावी, असा चिरंजीवांचा बेत होता. पहिला प्रयत्न त्यांनीं सरळ केला. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्यें तो तुकडा घालून वेगाच्या रकान्यांत शंभराच्या जागीं पंचवीस लिहिले. नऊ सेकंदांचे छत्तीस झाले खरे, पण माई फुगडी खेळेनात. त्या भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकांट्याप्रमाणें टकटक करीत सरकूं लागल्या.

हें कां होतें तें आमच्या वाचकांनीं एकदां समजून घ्यावें, कारण हल्लीं घरोघरीं कोणी ना कोणी चित्रण करीतच असतो. चिरंजीवांजवळच्या तुकड्यांत सेकंदास २५ चित्रें होतीं, आणि पडद्यावरहि तीं सेकंदास २५ याच वेगानें दाखविलीं जात. वेग चौथाईवर आणला म्हणजे दाखवावयाचीं चित्रें तेवढींच राहातात, पण हातीं उरतात अवघीं सव्वासहा. मग सॉफ्टवेअर एकेक चित्र चार चार वेळां दाखवून वेळ भरून काढतें. फुगडीचा वेग सेकंदाला एक फेरा धरला, तरी दोन चित्रांच्या दरम्यान माणूस चौदा अंशांहून अधिक फिरलेला असतो. चित्र चार वेळां जागच्या जागीं थांबतें आणि एकदम चौदा अंशांची उडी घेतें. डोळ्याला खुपते ती ही उडी.

खरा संथपणा चित्रण करतांनाच मिळवावा लागतो. मूकपटांच्या काळीं कॅमेऱ्याची मूठ हातानें फिरवीत व चित्रें सेकंदास सोळाच्या आसपास घेत. तीच मूठ दुप्पट वेगानें फिरविली आणि पडद्यावर चित्रें नेहमीच्याच वेगानें दाखविलीं, तर घटनेस दुप्पट वेळ लागे. इतकें हें साधें आहे. ऑस्ट्रियांतील औगुस्ट मुसगेर या धर्मोपदेशकानें अशा संथ चित्रणाच्या यंत्राचें पेटंट १९०४ सालीं मिळविलें. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीं याच्या नेमकें उलट केलें होतें, आणि आम्हांस त्याचें फार कौतुक वाटतें. १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणल्यावर 'राजा हरिश्चंद्र' हातीं घेण्यापूर्वीं त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, थांबत थांबत त्याचीं चित्रें घेतलीं आणि कित्येक दिवसांची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत दाखविली. अंकूर वर येतांना पाहून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली म्हणतात. सांगावयाचें तें इतकेंच कीं, जलद असो वा संथ, काळाची ही उलथापालथ चित्रें घेतांना होते. मागाहून ती करूं पाहाणें म्हणजे पंगत वाढली म्हणून आमटींत पाणी ओतण्यासारखें आहे. आमटी पुरते, पण ती आमटी राहात नाहीं.

चिरंजीव हुशार. त्यांनीं दुसरा उपायहि करून पाहिला होता. हल्लींच्या सॉफ्टवेअरमध्यें ऑप्टिकल फ्लो नांवाची एक युक्ति असते; 'डाव्हिन्ची रिझॉल्व्ह' या सॉफ्टवेअरच्या फुकट मिळणाऱ्या आवृत्तींतहि ती आहे. शेजारच्या दोन चित्रांची तुलना करून, पहिल्यांतला प्रत्येक ठिपका दुसऱ्यांत कोठें गेला याचा अदमास घ्यावयाचा आणि मधल्या क्षणाचें चित्र आपणच रचावयाचें, असा तिचा प्रकार. मोकळ्या आकाशांतून जाणारा पक्षी, सडकेवरची मोटार, पाठीमागें साधी भिंत असतांना चालणारा माणूस, अशा ठिकाणीं ती इतकें बेमालूम काम करते कीं जाणत्यालाहि शंका येऊं नये. पण फुगडीसारखा कठीण विषय तिला दुसरा नाहीं. हातांची अढी पडलेली. एकीचा हात दुसरीच्या हातामागें लपतो आणि क्षणांत पुन्हां निघतो. जो ठिपका पहिल्या चित्रांत आहे तो दुसऱ्यांत नाहींच, मग तो गेला कोठें? त्यांत नऊवारीचा एकरंगी घेर, आणि ट्यूबलाइटच्या उजेडांत घेतल्यामुळें सगळ्याच हालचाली पुसट झालेल्या.

छत्तीस सेकंदांची ती दुसरी फुगडी चिरंजीवांनीं आम्हांस दाखविली. गति लोण्यासारखी मऊ. परंतु माईंचीं बोटें सुनेच्या बोटांत विरघळत होतीं, मनगटें मेणासारखीं लांबत होतीं, आणि एका ठिकाणीं चेहरा वळतांना असा कांहीं पसरे, कीं क्षणभर तो कोणाचाच राहात नसे. थोरल्या वहिनी दारांत उभ्या राहून पाहात होत्या. त्या म्हणाल्या, "ह्या माई नव्हेत बाई. कोणी तरी माईंचें सोंग आणलें आहे." आणि आंत निघून गेल्या.

चिरंजीव खट्टू झाले, पण वहिनींचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. त्या छत्तीस सेकंदांत दर चार चित्रांपैकीं तीन चित्रें कॅमेऱ्यानें पाहिलेलींच नव्हतीं. आतां याहून सरस, कृत्रिम बुद्धीवर चालणारें सॉफ्टवेअरहि निघालें आहे, आणि असंख्य चेहरे पाहून शिकलेलें असल्यामुळें तें सहसा माईंचा चेहरा विरघळूं देणार नाहीं; तेथें एक सुबक चेहरा बसवून देईल. आमच्या मतें हें अधिक वाईट. विरघळलेलें बोट निदान आपण खोटें असल्याचें सांगतें तरी. सुबक चेहरा तें सांगत नाहीं, आणि दहा वर्षांनीं घरांतलीं मुलें त्यालाच माई समजतील. जाहिरातींत, नाटकासिनेमांत ही युक्ति खुशाल वापरावी. गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ती वापरूं नये असें आम्हांस वाटतें. या मताशीं चिरंजीव सहमत नव्हते. "कोणाला कळणार आहे, काका?" असें त्यांनीं दोनदां विचारलें, आणि आम्हांस तेव्हां चटकन् उत्तर सुचलें नाहीं हें कबूल केलें पाहिजे.

आम्हीं एवढेंच विचारलें, "मूळ टेप कोठें आहे?"

चिरंजीवांजवळ होती ती पेन ड्राइव्हवरची नक्कल. कांहीं वर्षांपूर्वीं शहरांतल्या एका दुकानांत टेपा देऊन ती करून घेतलेली. आणि येथें या विषयांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. त्या काळचे कॅमकॉर्डर सेकंदास २५ चित्रें घेत असें आपण म्हणतों, परंतु तें एका दमांत घेतलेलें चित्र नसे. प्रत्येक चित्राच्या ५७६ आडव्या रेघा दोन हप्त्यांत टिपल्या जात. एका क्षणीं एकाआड एक २८८, आणि एक पन्नासांश सेकंदानंतर मधल्या उरलेल्या २८८. म्हणजे टेपेवर सेकंदास २५ पुरीं चित्रें नसून ५० अर्धीं चित्रें असतात, आणि प्रत्येक अर्धें चित्र निराळ्या क्षणाचें असतें. वेणीचे पेड जसे एकमेकांत गुंफावे तशीं तीं गुंफलेलीं असतात. जुन्या टेलिव्हिजनवर हें खपून जाई. संगणकाच्या पडद्यावर मात्र हलत्या वस्तूच्या कडेला फणीसारखे दांते दिसतात. तीं दोन क्षणांचीं चित्रें एकावर एक पडलेलीं असतात. दुकानदारानें हे दांते घालविण्यासाठीं दोन दोन अर्धीं चित्रें एकजीव करून टाकलेलीं होतीं. चित्र गुळगुळीत झालें, पण अर्धे क्षण कायमचे बुजले.

टेपेवर ते शाबूत असणार होते. तीं पन्नास अर्धीं चित्रें सुटीं करून प्रत्येकाचें एक पूर्ण चित्र केलें, तर वेग निम्मा करण्यास लागणारीं पन्नासच्या पन्नास चित्रें खरीं मिळतात. रेघा निम्म्या असल्यामुळें मधल्या रेघा सॉफ्टवेअर भरतें हें खरें, पण तीं शेजारच्या रेघांवरून व पुढच्या-मागच्या चित्रांच्या आधारानें रेघ भरणें आहे; हात कोठें होता तें त्या क्षणाच्या २८८ रेघांनीं सांगितलेलेंच असतें. चौदा अंशांची उडी सात अंशांवर येते. नऊ सेकंदांचे अठरा होतात, छत्तीस होत नाहींत.

टेप अखेर देवघराच्या कपाटांत फराळाच्या एका रिकाम्या डब्यांत सांपडली. मावळच्या दमट हवेंत टेपेवर बुरशी धरते, म्हणून आधीं उजेडांत धरून पाहिली. पांढरी बुरशी दिसली तर टेप यंत्रांत घालूंच नये, ती तर बिघडतेच पण यंत्राचें मुखहि घाण करते. ही सुदैवानें स्वच्छ होती. कॅमकॉर्डर मात्र उघडेना. चिरंजीवांनीं पुढें पुण्यांत एका मित्राच्या घरून तशाच जातीचा दुसरा मिळविला. याला लागणारी फायरवायरची तार हल्लींच्या संगणकांत बसत नाहीं; त्यासाठीं एक जुना टेबलावरचा संगणक माळ्यावरून खालीं आला. या तारेनें टेपेवरचें सारें जसेंच्या तसें उतरतें. तासाभराच्या टेपेला तेरा गिगाबाइटांच्या आसपास जागा लागते, ती देण्यास कांकूं करूं नये. जागा वांचविण्यासाठीं आकुंचन करूं गेलें कीं पुन्हां दुकानदाराच्याच वाटेनें गेल्यासारखें होतें.

पुढची रीत थोडक्यांत देतों. उतरवलेली फाइल 'हँडब्रेक' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्यें घालावी, डीइंटरलेस या सदराखालीं बॉब हा प्रकार निवडावा आणि चित्रांचा वेग ५० ठेवावा. निघालेली फाइल संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्यें नेऊन तिचा वेग २५ आहे असें त्यास सांगावें. रिझॉल्व्हमध्यें तुकड्याच्या गुणधर्मांत हें बदलतां येतें. झालें. वेगाच्या रकान्यास हातहि लावावयाचा नाहीं. एक धोका सांगून ठेवतों. अर्ध्या चित्रांपैकीं आधींचें कोणतें हें सॉफ्टवेअरला बरोबर कळलें पाहिजे. असल्या डीव्ही टेपांत खालचें अर्धें आधीं असतें. तें उलटें पडलें तर माणसें एक पाऊल पुढें, एक पाऊल मागें अशीं थरथरत चालतात. चिरंजीवांचें पहिल्यांदा तसेंच झालें, आणि त्यांनीं रात्रीं साडेअकरास आम्हांस फोन करून "माईंना हींव भरलें आहे" असें कळविलें.

पण आम्ही इंदुरीस होतों तेव्हांच आणखी एक प्रश्न निघाला होता. या वर्षींच्या फुगड्या तरी नीट टिपाव्या, म्हणजे बावीस वर्षांनीं कोणास ही यातायात पडूं नये. त्यासाठीं आधीं हात बसवावा म्हणून चिरंजीवांना पाण्याचें संथ चित्रण करावयाचें होतें. पाणी हा या कलेचा लाडका विषय, आणि इंदुरीजवळ कुंडमळा आहे. वाहत्या पाण्यांतल्या दगडगोट्यांनीं गरगर फिरून कातळांत रांजणाएवढाले खळगे पाडले आहेत, आणि त्यांतून उसळणारें पाणी पाहाण्यास पावसाळ्यांत लोटच्या लोट येतात. आमच्या स्नेह्यांनीं एका शब्दांत मना केलें. १५ जून २०२५ रोजीं, रविवारीं दुपारीं, त्याच ठिकाणचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनिशीं नदींत कोसळला. चार जणांचे प्राण गेले आणि कितीतरी जखमी झाले. त्या गोष्टीस तेव्हां महिनाहि लोटला नव्हता. पुलावर गर्दी कशाची होती हें इंदुरींत कोणास सांगावें लागत नाहीं. पुष्कळांच्या हातांत फोनच होते. स्नेह्यांनीं त्यावर अधिक कांहीं म्हटलें नाहीं व चिरंजीवांनींहि हट्ट धरला नाहीं.

मग ओसरीवर बसून आम्हीं पागोळ्यांचें चित्रण केलें, आणि खरें सांगावयाचें तर त्यांत कांहीं उणें वाटलें नाहीं. फोन सेकंदास २४० चित्रें घेण्यावर लावला. दहा फुटांवरून सुटलेला थेंब पाऊण सेकंदाहून किंचित् अधिक काळांत जमिनीवर येतो. त्याचीं १९० च्या आसपास चित्रें मिळालीं व तीं सेकंदास २५ प्रमाणें दाखवितांच थेंबास खालीं यावयास साडेसात सेकंद लागले. आपण थेंब काढतों तसा तो वर टोंकदार व खालीं गोल मुळींच नसतो. कौलापासून सुटतांना तेवढी बारीक शेंडी असते, ती तुटते, थेंब थरथरतो आणि पुढें गोळाच होऊन पडतो. नव्या सूनबाई भाजी निवडतां निवडतां येऊन बसल्या त्या भाजी विसरून गेल्या.

पागोळ्यांवर शिकलेलें असें. चित्रें जितकीं जास्त, तितका प्रत्येक चित्रास उजेड कमी. २४० चित्रें घेतांना एकेका चित्रास सेकंदाच्या दोनशेंचाळिसाव्या भागाहून अधिक वेळ मिळूंच शकत नाहीं. ओसरीवर ढगाळ दिवसाचा उजेड पुरला, माजघरांत नेलें तर सगळें काळेंमिचकूट. फुगडीसारख्या खेळाला १२० चित्रें पुष्कळ झालीं. आणि विजेच्या दिव्यांची एक खोड आहे. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनें करते, त्यामुळें ट्यूबलाइट व बरेचसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदास शंभर वेळां मंद-तेज होतात. आपल्या डोळ्यांना तें जाणवत नाहीं. १२० किंवा २४० चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र एक चित्र उजळ, एक अंधारें असें मिळतें व संथ केलेल्या चित्रांत सारी खोली लुकलुकूं लागते. फोनमध्यें सेकंदास १०० चित्रें घेण्याची सोय असली तर ती वापरावी, म्हणजे दिव्याशीं मेळ बसतो; पण ती फार थोड्या फोनांत असते. कांहीं सोनी कॅमकॉर्डरांत तीन सेकंदांचे बारा करण्याची सोय होती, तींतहि उजेडाची हीच अडचण येई.

मंगळागौरीचे खेळ तर रात्रीचे. यावर थोरल्या वहिनींनींच तोड काढली. रात्रीचें जागरण रात्रीं होईलच, पण दुपारीं पूजा आटोपल्यावर अंगणाकडच्या ओसरीवर सूनबाईंनीं दोन फुगड्या आणि एक झिम्मा उजेडांत खेळावा, व तेवढेंच संथ टिपावें. बाकी सगळें नेहमीच्या वेगानें घ्यावें. हें आम्हांस फार पटलें. कित्येक घरीं आम्ही पाहातों, नवा फोन हातीं आला कीं मुंजींतली मातृभोजनापासूनची प्रत्येक गोष्ट संथ टिपलेली असते. मग त्यांत गाणें नाहीं, मंत्र नाहीं, कोणाची हांक नाहीं, कारण संथ केल्यावर आवाज रेड्यासारखा येतो म्हणून तो काढून टाकावा लागतो. फोन तिकाटण्यावर ठेवावा, चित्र जवळ ओढूं नये, फुगडीच्या पूर्ण घेराला पुरेल इतकें लांब बसावें, आणि खेळणाऱ्यांनीं हात धरण्यापूर्वींच चित्रण सुरूं करावें. हात धरण्याचा क्षणच पुष्कळदां सर्वांत पाहाण्यासारखा असतो.

आम्ही परत आल्यावर पंधरा-सोळा दिवसांनीं चिरंजीवांचा पुन्हां फोन आला. या वेळीं आवाज दबलेला होता. "काका, माई पडतच नव्हत्या."

त्यांनीं पाठविलेले अठरा सेकंद आम्हीं पाहिले, आणि शेवटचा भाग तर एकेक चित्र थांबवून पाहिला. दुकानाच्या नकलेंत येथें नुसता एक पुसट पट्टा होता, आणि सॉफ्टवेअरनें रचलेल्या फुगडींत मेणाचीं मनगटें. टेपेवरून सोडविलेल्या चित्रांत मात्र क्रम स्वच्छ होता. आधीं सुनेचा उजवा पाय फरशीवरून सरकतो. त्यानंतरच्या पांच चित्रांत, म्हणजे सेकंदाच्या एका दशांशांत, माईंचा हात तिच्या बोटांवरून सुटून मनगटावरून पुढें कोपरापर्यंत जातो व घट्ट बसतो. माई आपला भार मागें टाकतात आणि त्यामुळें पडणाऱ्यासारख्या त्याच दिसतात. सून उभी राहाते. मग ती पाठ मध्यें येते.

पहिल्या मंगळागौरीस, जमलेल्या साऱ्या बायकांसमोर, नव्या सुनेचा पाय घसरला असता तर तें वर्षानुवर्षें सांगितलें गेलें असतें. तें माईंनीं आपल्यावर घेतलें, आणि सोळा वर्षें हंसत हंसत सांगत राहिल्या. "कोणाला कळणार आहे" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेव्हां सुचलें, पण चिरंजीवांना तें आतां सांगण्याची जरूर नव्हती. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. हें भिंतीवर दाखवावें कीं नाहीं? माईंनीं झांकलेलें आपण उघडें करावें काय? आम्हीं म्हटलें, हें आम्हांस विचारूं नका, काकूंना एकटें गांठून दाखवा आणि त्या सांगतील तसें करा.

धाकट्या वहिनींनीं स्वयंपाकघरांत, हात पुशीत, तीं अठरा सेकंदांचीं चित्रें उभ्यानेंच पाहिलीं म्हणे. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतें. दुसऱ्या दिवशीं कोपरावर बोटांचे वळ होते." आणि थोड्या वेळानें, "दाखव. पण आधीं आवाजासकट, जशी झाली तशी दाखव."

श्रावणांतल्या त्या मंगळवारीं आम्हीहि इंदुरीस होतों. रात्रीं माजघराच्या भिंतीवर पांढरा पलंगपोस लावला होता. पहिल्यांदा नऊ सेकंद, गाण्यासकट आणि हंशासकट. नंतर अठरा सेकंद, आवाजावांचून. शेवटीं चिरंजीवांनीं कांहींहि समजावून सांगितलें नाहीं. पहिल्या वेळीं बहुतेकांच्या लक्षांत आलें नाहीं. नव्या सूनबाईंच्या आलें. त्यांनीं वळून धाकट्या वहिनींकडे पाहिलें व म्हणाल्या, "काकू, पुन्हां लावायला सांगा ना."

ती टेप आतां पुन्हां फराळाच्या डब्यांत आहे. आंत ओल शोषणाऱ्या दाण्यांची एक पुरचुंडी टाकली आहे, आणि डब्यावर थोरल्या वहिनींनीं चिकटपट्टीवर लिहिलें आहे: माई, २००३, दुकानांत देऊं नये.